पीसी + पीएमएमए: फिल्म काचेसारखी, मोल्ड केलं की मोत्यासारखं पांढरं. असं का?

मकरपुरा_मोल्डिंग

नमस्कार मंडळी. मीटरच्या पारदर्शक खिडकीसाठी (२ मिमी जाड, साधारण १२० × ८० मिमी) पॉलिकार्बोनेट (पीसी) चालू आहे. आपटलं तरी फुटत नाही, पण पुसता पुसता चरे उठतात. पेन्सिल हार्डनेस ‘बी’च्या आसपासच अडकतो. अॅक्रिलिकचा २एच-३एच येतो, म्हणून पीसीत २० टक्के अॅक्रिलिक, म्हणजे पीएमएमए, घालून बघायचं ठरलं.

आधी फिल्म ओतली. पीसी ८० आणि पीएमएमए २०, टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये ५ टक्के द्रावण, ५५ अंशांवर तापवलेल्या काचेवर. मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर. ६० मायक्रॉनची फिल्म निघाली, अगदी स्वच्छ, खालचा छापील कागद सरळ वाचता येतो. डीएससीत (नमुना तापवून उष्णता मोजणारं यंत्र) एकच टीजी (कडक प्लास्टिक मऊ व्हायला लागतं ते तापमान), १३८ अंश.

मग तोच रेशो ट्विन स्क्रूवर २६० अंशांवर कम्पाउंड केला आणि त्याच दाण्याची प्लेट मारली. प्लेट दुधाळ पांढरी. गेटपासून (साच्यात प्लास्टिक शिरतं ती जागा) पंख्यासारखे चमकदार पट्टे, शिंपल्याच्या आतल्या बाजूला असतात तसे. दोन्ही दाणे एकत्र करून ८० अंशांवर ३ तास सुकवले होते.

एकच टीजी म्हणजे मिसळलं, असंच ना? मग ही ओल म्हणायची की मिक्सिंग कमी पडलं? स्क्रूमध्ये आणखी दोन नीडिंग ब्लॉक (मळणारे तुकडे) चढवायच्या विचारात आहे.

कलाभवन_पॉलिमर

नीडिंग ब्लॉक राहू द्या. त्यांनी प्लेट पारदर्शक होणार नाही, उलट पीएमएमए जळेल.

तुमची फिल्म आणि तुमची प्लेट यांचा रेशो एक असला तरी अवस्था एक नाही. द्रावणात टीएचएफ दोघांनाही सांभाळून घेत होता. तो उडाला तशी फिल्म घट्ट होत गेली, आणि वेगळं व्हायची सवड मिळायच्या आतच साखळ्या गोठल्या. १३८ अंशांच्या खाली काहीच हलत नाही, त्यामुळे ती फिल्म कपाटात वर्षभर ठेवली तरी स्वच्छ राहील. याचा अर्थ ती समतोलात आहे असा होत नाही.

तुमचा १३८ मात्र बरोबर आहे. फॉक्सच्या समीकरणाने ताडून बघा (तापमान केल्व्हिनमध्येच घ्यायचं, सेल्सिअस घालून चुकणारे पुष्कळ). पीसी ४२० केल्व्हिन, पीएमएमए ३८३: ०.८/४२० + ०.२/३८३ = ०.००२४२७, उलटा केला की ४१२ केल्व्हिन, म्हणजे १३९ अंश सेल्सिअस. आकडा जुळतो, त्यावरून टीएचएफही नीट गेलेला दिसतो. तो उरला असता तर टीजी बराच खाली आला असता.

आता मुळात मिसळत का नाही ते. लहान रेणू मिसळतात ते बहुतेक एन्ट्रॉपीच्या जोरावर. सुटे मणी डब्यात हलवले तर हजार तऱ्हांनी मांडता येतात. तेच दोनशे-दोनशेच्या माळांत ओवले की मांडणीच्या तऱ्हा एकदम घटतात. फ्लोरी-हगिन्सच्या सूत्रात (१९४१-४२ मधलं आहे, अजून त्याच्यावरच चाललंय) एन्ट्रॉपीच्या पदांना साखळीच्या लांबीने भागलेलं असतं ते म्हणूनच. उरतो तो काय-पॅरामीटर (ग्रीक χ, दोघं एकमेकांना किती नकोसे आहेत ते सांगणारा आकडा; जितका कमी तितकं बरं). मराठी वर्गात यावर विनोद ठरलेला असतो, ‘काय किती?’ ‘काय, काय किती?’ असो.

तुमच्यासाठी हिशोब करू. एका एककाचं घनफळ १०० घन सेमी प्रति मोल धरा. पीसीचा वजन-सरासरी रेणुभार २८,०००, घनता १.२०, म्हणून साखळी २३३ एककांची. मोल्डिंग ग्रेड पीएमएमए १,००,०००, घनता १.१८, म्हणून ८४७ एककांची. क्रांतिक काय (याच्या खाली राहिला तर कोणत्याही प्रमाणात मिसळतं) = अर्धा × (१/√२३३ + १/√८४७) चा वर्ग = ०.००५. तुमच्या ८०/२० रेशोला स्पिनोडल (ज्याच्या पुढे मिश्रण आपोआप वेगळं होतं ती सीमा) ०.००५६ वर येतो, म्हणजे जवळपास तेच. एवढ्या खाली काय राहायला हवा असेल तर दोघांच्या सोल्युबिलिटी पॅरामीटरमधला (विरघळण्याचा स्वभाव सांगणारा आकडा) फरक २५ अंशांना ०.३५ हून कमी पाहिजे (मेगापास्कलच्या वर्गमुळात). दोन हँडबुकांत एकाच पॉलिमरचे आकडे याहून जास्त फरकाने दिलेले सापडतात! म्हणून हँडबुकातले दोन आकडे वजा करून ‘मिसळेल’ असं कोणी सांगितलं तर त्यावर साचा बनवायला टाकू नये.

वर आणखी एक गोम. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, तशी इथे अपेक्षा ठेवायची नाही. पुष्कळशा पॉलिमर जोड्या तापवल्यावर वेगळ्या होतात. दोघांचं प्रसरण सारखं नसतं, आणि जे काही थोडं आकर्षण असतं ते उष्णतेने ढिलं पडतं. याला एलसीएसटी म्हणतात: एका तापमान-रेषेच्या वर मिश्रण वेगळं होतं. पीसी-पीएमएमएची टीएचएफमधून ओतलेली फिल्म तापवली की अशीच दुधाळ होते. बॅरल २६० वर आहे, म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या बरेच वर बसून मिक्सिंग करताय.

खात्री करायला दोन गोष्टी करा.

डीएससी पुन्हा लावा, पण टप्प्याटप्प्याने. १० मिलिग्रॅम, मिनिटाला २० अंश. पहिल्यांदा १७० पर्यंतच न्या, थंड करा, परत तापवा. मग २५० ला नेऊन ५ मिनिटं थांबा, थंड करा, परत तापवा. शेवटच्या फेरीत दोन पायऱ्या, म्हणजे दोन टीजी, दिसल्या तर निकाल लागला. पीएमएमए २०च टक्के असल्याने त्याची पायरी बारीक असते, आलेख मोठा करून बघा.

दुसरं, फिल्मचा तुकडा काचपट्टीवर ठेवून हॉट प्लेटवर मिनिटाला २ अंशांनी तापवा. थर्मोकपल काचपट्टीलाच चिकटवा. प्लेटचा डिस्प्ले १०-१५ अंश चुकीचा असू शकतो. मागे काळा कागद, बाजूने टॉर्च. काळ्यावर पहिली राखाडी झाक दिसली की तापमान टिपा. हेच ५ आणि १० अंशांच्या वेगाने करा आणि तीन आकडे आलेखावर मांडून रेषा शून्य वेगाकडे ओढा. तो तुमचा क्लाउड पॉइंट.

पोर_एक्स्ट्रूजन

वरच्या स्पष्टीकरणाशी सहमत. पण सुकवण्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि तिथेही गडबड आहे.

पीसीला १२० अंश, ३-४ तास, ओल ०.०२ टक्क्याच्या खाली. पीएमएमएला ८०-८५ अंश, ३-४ तास. दोन्ही एका हॉपरमध्ये घालून ८० वर ठेवलं तर पीसी सुकतच नाही. १२० वर ठेवलं तर पीएमएमएचे दाणे मऊ होऊन ढेकूळ होतं आणि हॉपरचं तोंड बसतं. वेगवेगळे सुकवून, गरम असतानाच मिसळून फीड करा. कम्पाउंड झालेला दाणा ९५-१०० अंशांवर ५-६ तास; त्याच्या वर नको, त्यातला पीएमएमए ११० च्या आसपास मऊ होतो.

ओल आणि फेज सेपरेशन (दोन प्लास्टिक वेगळी होणं) डोळ्यांनी ओळखता येतं. ओलीच्या चंदेरी रेघा पृष्ठभागावर, प्रवाहाच्या दिशेने लांब ओढलेल्या असतात, दर शॉटला जागा बदलतात. प्लेट तोडून कड बघितली तर आतला गाभा स्वच्छ असतो. तुमची प्लेट आरपार दुधाळ असेल आणि प्रत्येक शॉटला तोच पंखा उमटत असेल, तर ती ओल नाही. मोतिया चमक येते ती पीएमएमएचे थेंब प्रवाहात ताणले जाऊन चपट्या पापुद्र्यांसारखे पसरतात म्हणून. पीसीचा वक्रीभवनांक १.५८५, पीएमएमएचा १.४९. एवढा फरक असल्यावर प्रत्येक पापुद्रा आरशाचं काम करतो.

अजून एक, पीसीची सवय म्हणून बॅरल २८०-२९० ला नेऊ नका. २७० च्या पुढे पीएमएमएच्या साखळ्या सुटायला लागतात, मोनोमरचा उग्र वास नोझलपाशीच येतो, मागोमाग बुडबुडे. २५०-२६० वर चालवायचं तर पीसी जास्त एमएफआयचा (२०-३०, म्हणजे वितळल्यावर पातळ वाहणारा) घ्यावा लागतो, आणि मग ज्या आघातशक्तीसाठी पीसी घेतलं तीच कमी होते.

दांडिया_बाजार

पीसी-एबीएस तर सगळीकडे चालतं, एबीएसमध्येही सॅन (स्टायरीन-अॅक्रिलोनायट्राइल) असतंच. मग पीसीत अॅक्रिलिक का नाही? कम्पॅटिबिलायझर टाकून बघा की २-३ टक्के.

कलाभवन_पॉलिमर

दादा, पीसी-एबीएससुद्धा दोन फेजचंच आहे. पीसी आणि सॅन एकमेकांना बऱ्यापैकी धरून राहतात, म्हणून ताकद चांगली येते, पण मिसळत नाहीत. तो अपारदर्शक असतो आणि पारदर्शक हवा अशी कोणाची मागणीही नसते. तिथे जे भागतं ते खिडकीला भागणार नाही.

कम्पॅटिबिलायझरचं काम सीमेवरचं. तो पृष्ठताण कमी करतो, थेंब बारीक होतात, पुन्हा जुळून मोठे होत नाहीत. सेव उसळीवरची तर्री ढवळून बारीक करता येईल, पण ती रश्शात विरघळली असं कोणी म्हणणार नाही. वक्रीभवनांकात ०.०९५ फरक असताना २ मिमी जाडीत स्वच्छ दिसायचं तर थेंब ५० नॅनोमीटरच्या खालीच पाहिजेत. त्या आकारात विखुरलेला प्रकाश व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो (पीएमएमएचं प्रमाण तेच ठेवून): ५० चे १०० नॅनोमीटर झाले की आठ पट धुकं. स्क्रूमधून साधारण अर्धा ते काही मायक्रॉन निघतात. ही दरी नीडिंग ब्लॉकने भरत नाही.

खरोखर मिसळणारी जोडी हवी असेल तर उदाहरणं आहेत: पॉलिस्टायरीन आणि पीपीई (कोणत्याही प्रमाणात, एकच टीजी), पीएमएमए आणि पीव्हीडीएफ, आणि पीएमएमए आणि सॅन, पण सॅनमध्ये अॅक्रिलोनायट्राइल साधारण ९ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच. त्या शेवटच्या जोडीत गंमत अशी की सॅनमधले दोन घटक आपापसात इतके फटकून असतात की तिसऱ्याला जवळ करतात. यातलं काहीच पीसीच्या खिडकीच्या उपयोगाचं नाही, म्हणा.

मकरपुरा_मोल्डिंग

दोन्ही टेस्ट केल्या. १७० पर्यंत नेऊन परत तापवलं तर टीजी १३८च. २५० ला ५ मिनिटं ठेवून परत तापवलं तर दोन पायऱ्या, ११४ आणि १४५. हॉट प्लेटवर २ अंशांच्या वेगाला १८७ वर झाक आली, ५ ला १९४, १० ला २०६.

पण एक शंका. एलसीएसटी असेल तर खाली आणल्यावर परत मिसळायला हवं ना? दुधाळ झालेला तुकडा १५५ वर १२ तास ठेवला, तसाच पांढरा आहे. शिवाय आज एक नवी फिल्म ओतली, ती तापवायच्या आधीच पांढरी निघाली. रेशो तोच, काच मात्र तापवली नव्हती.

कलाभवन_पॉलिमर

शून्य वेगाकडे ओढलं तर १८२-१८३. छान काम केलंय.

१२ तासांत साफ झालं नाही म्हणजे एलसीएसटी नाही, असं त्यावरून ठरत नाही. दुधाळ तुकड्यात पीसीच्या फेजचा टीजी १४५ झालाय, तुम्ही त्याच्या जेमतेम १० अंश वर उभे आहात. थेंब १ मायक्रॉनचे असतील आणि विसरण गुणांक (साखळ्या किती वेगाने सरकतात तो आकडा) सेकंदाला १० चा उणे १४ वा घात वर्ग सेमी धरला, तर अंतराचा वर्ग भागिले गुणांक = १० लाख सेकंद, साडेअकरा दिवस. ओव्हनला तेवढी रजा कोण देतं! परत मिसळतं का बघायचंच असेल तर ताजा तुकडा घ्या, पहिली झाक आली त्याच क्षणी खाली उतरवा. थेंब दहावा हिस्सा असतील तर वेळ शंभर पटीने कमी, म्हणजे तीन तासांच्या आत. तो साफ झाला तर समतोलातला मिसळणारा पट्टा खरा. नाही झाला तर फिल्म निव्वळ गोठलेली होती. मात्र तुमच्या खिडकीला दोन्ही उत्तरं सारखीच. मोल्डिंग २५० वर होणार आणि रेषा १८३ वर आहे.

एक जोडटेस्ट सांगते, खर्च काही नाही. २०-३० मायक्रॉनची पातळ फिल्म (जाड फिल्ममध्ये प्रकाश पुन्हापुन्हा विखुरतो आणि सगळं पुसलं जातं), मधोमध भोक असलेली तापलेली पट्टी, अंधारी खोली, लाल लेझर पॉइंटर आणि २० सेमीवर पांढरा कागद. डोळे किरणाच्या रेषेत नको. झाक येते त्या सुमारास कागदावर मधल्या ठिपक्याभोवती फिकट लाल कडं उमटलं तर ते स्पिनोडल विघटन. सगळीकडे एकाच वेळी, ठराविक अंतराने रचना उमटतेय. कड्याची त्रिज्या १० सेमी असेल तर ते अंतर सुमारे १.४ मायक्रॉन (६५० नॅनोमीटर लेझर, फिल्मचा अंक १.५५ धरून). तापमान तसंच ठेवून बघत राहा: कडं हळूहळू आत सरकतं, म्हणजे रचना जाड होत चालली. कडं न येता नुसता ठिपक्याभोवती उजेड पसरला तर सुटे थेंब जन्मून वाढताहेत.

पोर_एक्स्ट्रूजन

थंड काचेवर ओतलेली फिल्म पांढरी का, ते फेज सेपरेशनकडे ढकलायच्या आधी दोन गोष्टी तपासा. हे पावसाळ्याचे दिवस, बडोद्यात हवा ओलीचिंब. टीएचएफ उडताना काच गार पडते, हवेतली वाफ फिल्मवर बसते आणि वरचा थर दह्यासारखा होतो. बोटाने चोळलं तर पावडर सुटते, भिंगाखाली बारीक भोकं दिसतात. दुसरी शक्यता म्हणजे पीसी स्वतःच स्फटिकतं. वितळलेल्या पीसीत ते कधी दिसत नाही, पण द्रावण सावकाश उडालं तर होतं. डीएससीच्या पहिल्या फेरीत २२०-२३० च्या आसपास वितळण्याचं शिखर दिसलं तर तेच. नुसत्या पीसीची फिल्म त्याच काचेवर शेजारी ओता. तीही पांढरी झाली तर पीएमएमएचा काही दोष नाही.

५०-५५ अंशांची काच वापरत होतात तेच ठीक होतं. टीएचएफ ६६ ला उकळतं आणि ठिणगीने सहज पेट घेतं, फ्यूम हूडमध्येच करा. जुनी, अर्धी उघडलेली बाटली असेल तर आधी पेरॉक्साइडची पट्टी लावा. पेरॉक्साइड झालेलं टीएचएफ कोरडं होईपर्यंत उडवणं धोक्याचं.

रावपुरा_रेझिन

मार्ग कोणते आहेत ते सांगतो, माझ्या पसंतीच्या उलट्या क्रमाने.

टिन ऑक्टोएटसारखा टिनचा कॅटॅलिस्ट टाकून बॅरलमध्येच पीसी आणि अॅक्रिलिकचं ग्राफ्ट (एकाच्या साखळीला दुसऱ्याची जोड) घडवणे. होतं, धुकंही कमी होतं. पण त्याच रिअॅक्शनमध्ये पीसीच्या साखळ्या तुटतात, एमएफआय वर जातो, रंग पिवळा पडतो. खिडकीला नको.

पीएमएमएचा रेणुभार उतरवणे. वरच्याच सूत्रात १,००,००० ऐवजी १०,००० घाला: साखळी ८५ एककांची, क्रांतिक काय ०.००५ वरून ०.०१५, तिप्पट सवलत. मिसळण्याची शक्यता खरंच वाढते. पण एवढ्या आखूड साखळीचं अॅक्रिलिक ठिसूळ असतं, त्यामुळे १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका आणि नॉच्ड इम्पॅक्ट (खाच पाडून मोजलेली आघातशक्ती) प्रत्येक बॅचला बघा.

फिनाइल किंवा बेन्झाइल मेथाक्रिलेट घातलेलं अॅक्रिलिक कोपॉलिमर घेणे, तेही कमी रेणुभाराचं. यात दोन कामं एकदम होतात. बेन्झिन वलयामुळे ते पीसीच्या जवळ येतं, आणि वक्रीभवनांकही वर सरकतो: पॉलिफिनाइल मेथाक्रिलेटचा १.५७१, पॉलिबेन्झाइलचा १.५६८. समजा पूर्ण मिसळलं नाही, तरी अंकातला फरक घटल्याने धुकं झपाट्याने उतरतं. चरे न पडणारे पारदर्शक पीसी ग्रेड बाजारात मिळतात, त्यांच्यामागे हीच कल्पना असते. तयार ग्रेडच घ्या, स्वतः कम्पाउंड करत बसू नका. पेन्सिल हार्डनेस एच-एफपर्यंत जाईल, ३एचची आशा नको. वलय जितकं जास्त तितका अॅक्रिलिकचा कडकपणा पातळ होतो.

आणि सरळ रस्ता: साध्या पीसीचीच प्लेट मारा आणि वरून सिलिकॉन किंवा यूव्ही अॅक्रिलेट हार्डकोट द्या, ५ मायक्रॉनच्या आसपास. चरा पडतो पृष्ठभागावर, मग कडकपणा २ मिमी जाडीभर का पेरायचा? सिलिकॉन कोटला प्रायमर लागतो आणि १२०-१३० अंशांवर तासभर क्युअर. त्याआधी प्लेट १२० वर तास-दोन तास अॅनील करून ताण काढा, नाहीतर कोटमधलं सॉल्व्हंट लागताच गेटपाशी जाळीदार तडे येतात. मोल्ड रिलीज स्प्रे पूर्ण बंद, सिलिकॉनच्या एका फवाऱ्याने कोट माशाच्या डोळ्यांसारखा गोळा होतो.

मकरपुरा_मोल्डिंग

हार्डकोटचं विचारून बघतो. कम्पाउंड केलेला ८०/२० दाणा दीडशे किलो पडून आहे, त्याचं काय करू?

पोर_एक्स्ट्रूजन

मोतिया म्हणूनच वापरा. बाटल्यांची झाकणं, बटणं, नॉब. पर्ल पिगमेंट न घालता तोच लूक मिळतो. ९५-१०० वर नीट सुकवा, बॅरल २५०, मोल्ड ८०. गेट रुंद ठेवा. पिन गेट असेल तर पंखा एका ठिपक्यातून फुटलेला दिसतो. वेल्ड लाइन काळपट रेघेसारखी उठून दिसते, ती मागच्या बाजूला जाईल असं गेट निवडा. स्नॅप-फिट असलेल्या भागाला हा दाणा घालू नका, पापुद्रे तिथूनच सुटतात. कट मारून नखाने खरवडून बघा म्हणजे कळेल. रनर दळून १५ टक्क्यांपर्यंत परत घालता येईल, मात्र प्रत्येक फेरीत थेंब जाड होतात आणि चमक कमी होऊन नुसतं पांढरं दिसायला लागतं, त्यामुळे शेडचा नमुना पहिल्याच शॉटचा जपून ठेवा.